पाटीखालचा तीस हात बांध

२२ फेब्रुवारी १९९५, बुधवार

कंपनीने नव्या वर्षाला दिलेली ही डायरी दीड महिना कोरी पडून होती. माझी बायको मृणाली तिच्यात पाककृतींची कात्रणं चिकटवणार होती, तेवढ्यात मी ताब्यात घेतली. कारण आज ऑफिसात जे झालं ते मला नीट कळलेलं नाही आणि लिहिल्यावर कळेल असं वाटतं.

आमच्या धाटावच्या कारखान्याचे मोठे साहेब परदेशातल्या मूळ कंपनीत पंधरा दिवस राहून आले. तिकडे म्हणे कर्मचारी सुट्टीच्या दिवशी शाळा रंगवतात, नद्या साफ करतात, आणि त्याचे फोटो वार्षिक अहवालात येतात. आता आपणही करायचं. मी विचारलं, "सक्तीचं की ऐच्छिक?" साहेब म्हणाले, "ऐच्छिकच. पण चाळीस माणसं तरी हवीत." मग खालच्या आवाजात, "दिनानाथ, हे काम तुमच्याकडे. सप्टेंबरात तुम्ही कायम व्हायचे आहात ना?"

मी कार्मिक विभागात साहाय्यक अधिकारी आहे, अजून प्रोबेशनवर. मूळचा सटाण्याचा. समाजसेवेचा अनुभव म्हणजे कॉलेजात एकदा खड्डे खणले होते, त्यात झाडं कुणी लावली माहीत नाही. पण नाही कसं म्हणणार?

५ मार्च, रविवार

काम सापडलं. आमच्या पॅकिंग विभागात रघू नावाचा कंत्राटी कामगार आहे. त्याचं गाव काळेखार, गडबवरून आत खाडीच्या अंगाला. आज तो मला घेऊन गेला. गावातले सगळे शेतकरी आणि मिठागरातले मजूर.

गावाच्या पश्चिमेला खाडी आणि तिला अडवणारा मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या अलीकडे भाताची खाचरं, पलीकडे खारं पाणी. मी घाटावरचा माणूस, भरती म्हणजे मला नोकरभरतीच ठाऊक. रघूने समजावलं की भरतीचं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन खारावते आणि तीन पावसाळे भात होत नाही. म्हणून अख्ख्या बांधाचे वाटे पाडलेत. प्रत्येक घराला आपला वाटा नेमून दिलेला, ज्याचा वाटा त्याने राखायचा.

जनीबाई नावाच्या बाईचा वाटा तीस हातांचा आहे. नवरा गेल्या वर्षी वारला, मुलगी सासरी. वाट्याच्या बरोबर खाली तिची दोन खाचरं, तेवढंच तिचं पोट. एकटी बाई तीस हात बांध राखणार कशी? मला लगेच वाटलं, हेच काम.

बांधाचं पाहणारे महिपतीदादा म्हणून एक म्हातारे आहेत. त्यांनी मला दोनदा विचारलं, "जनीचा वाटा कंपनी घेते ना, नक्की?"

"नक्की."

"मागनं नाय म्हनायचा नाय."

मी म्हणालो, कंपनी शब्द फिरवत नाही. जनीबाई जवळच उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहिल्या. खेड्यातली माणसं किती पटकन भारावतात.

१२ मार्च, रविवार

श्रमदान पार पडलं. चाळीसऐवजी सव्वीस आले, त्यातले चार फोटो झाल्यावर गेले. पांढऱ्या टोप्या छान दिसत होत्या. खरं सांगायचं तर खाडीकडची चिकणमाती गावकरीच कापून देत होते, आम्ही फक्त एकमेकांच्या हातात गोळे देत होतो. तरी दुपारपर्यंत तीस हात बांध वीतभर उंच झाला. अंग मोडून आलंय, पण बरं वाटतंय.

शेवटी पाटी लावली. निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली 'हा बांध आमच्या कर्मचाऱ्यांनी दत्तक घेतला आहे'. दोन लोखंडी पाय, त्यासाठी बांधात दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊन सिमेंट भरलं. रघू उगाच आडवा येत होता. "साहेब, बांधात खड्डा नका मारू. बाजूला लावा पाटी." बाजूला लावली तर फोटोत खाडी येत नव्हती. या लोकांच्या काही समजुती असतात, त्यांचा मान राखावा, पण किती राखावा?

महिपतीदादांनी बांधावर नारळ फोडला. मला विचारलं, "या वाट्याला घर कंपनीचा लावू?" मी म्हणालो, लावा. "आनी मानूस कोन?" मी म्हणालो, मीच. त्यांनी अर्धी वाटी माझ्या हातात दिली, सगळ्यांनी मान डोलावली. मला भाषण करायचं होतं, पण तोवर सगळे आपापल्या वाटेने गेले होते.

२९ एप्रिल, शनिवार

आज गंमत झाली. रघू सकाळी गेटवर टोपली घेऊन उभा. आत तीन मोठे जिताडे आणि ढीगभर कोळंबी. म्हणाला, "कंपनीचा वाटा हाय साहेब." बांधाला एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला त्यातून मासळी मिळते.

साहेबांना जिताडा नेऊन द्यायची या भागातली रीत मला माहीत आहे. पेणला आल्या आल्याच घरमालक म्हणाले होते की इथे कागदाआधी जिताडा पोचतो. म्हटलं, काहीतरी काम असणार. पण रघूने काहीच मागितलं नाही. परत पाठवावं की घ्यावं? साहेबांना विचारलं तर ते खूश झाले. "ही कृतज्ञता आहे, दिनानाथ. नोंद करा." एक जिताडा त्यांच्याकडे गेला, बाकी कँटीनला. मी कोळंबी घरी आणली.

१४ जून, बुधवार

कंपनीच्या गृहपत्रिकेत फोटो आला. मी अर्धा दिसतोय, पाटी पूर्ण.

मासळी दर उधाणाला येते आहे. कँटीनवाला आता आधीच कांदा चिरून ठेवतो. आज टोपली देताना रघू म्हणाला, "पावसाआधी सगली घरा आपापल्या वाट्यावर माती टाकतान. तुमी कवा येता?" मी सांगितलं, पुढचा कार्यक्रम डिसेंबरात, वर्धापनदिनाला. त्याने टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, "डिसेंबरला भरती नसते वो साहेब एवढी." मला हसू आलं. भरती नसेल तर चांगलंच की, पाय तरी कमी भिजतील.

११ ऑगस्ट, शुक्रवार

काल नारळी पौर्णिमेची सुट्टी झाली. आज सकाळी रघू शिफ्ट सोडून माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, वाट्यात भोक पडलाय. पाटीच्या पायाशी. चिंबोऱ्यांनी बिला केलीत. कालच्या भरतीला पानी पाझरत व्हता."

मी म्हणालो, मग बुजवा. तो म्हणाला, "आमी कसा बुजवनार?"

अर्धं आयुष्य बांधावर घातलेला माणूस मला विचारतोय, बांध कसा बुजवायचा. मी टिपण करून साहेबांकडे पाठवलं आणि त्याला कामावर पाठवलं. शिफ्ट सोडल्याबद्दल सुपरवायझर त्याला बोलला असणार.

१४ ऑगस्ट, सोमवार

उद्याच्या झेंडावंदनाची तालीम चालू असताना गेटवरून फोन. महिपतीदादा आणि जनीबाई आले होते. दोघं उन्हात वॉचमनच्या खोलीबाहेर उभी. मी खुर्च्या मागवल्या, पण ती बसली नाहीत.

महिपतीदादा म्हणाले, "साहेब, या, नायतर सोडा."

"काय सोडू?"

"वाटा सोडा. बांधावर येऊन चार मानसांत बोला, का आमी सोडला. बास."

जनीबाई पहिल्यांदा बोलल्या. "सव्वीस तारखंला अमुशा हाय. मोठा उधान. माझा भात पोटऱ्यात आलाय." म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात.

मी त्यांना चहा पाजला आणि साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, सोडायचा प्रश्नच नाही. वार्षिक अहवालात बांध दत्तक घेतल्याचं छापून झालंय, आणि सव्वीसलाच मुख्य कचेरीचे पाहुणे येतायत, त्यांना स्लाइड दाखवायची आहे. माणसं पाठवा म्हटलं तर पावसाळ्यात खाडीवर माणसं पाठवायची नाहीत, विम्यात बसत नाही. "त्यांचं शेत आहे, त्यांना दुरुस्तीची परवानगी देऊन टाका. लेखी." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच असावं, पण मला तेव्हा तोडगा पटला. घेणारा सोडत नाही, करणारा करत नाही, तर मधे एक कागद घालावा.

१७ ऑगस्ट, गुरुवार

पत्र मीच लिहिलं. 'आमच्या बांधाची दुरुस्ती करण्यास ग्रामस्थांना परवानगी देण्यात येत आहे. मात्र फलकास धक्का लागू नये. लागल्यास जबाबदारी ग्रामस्थांची राहील.' साहेबांची सही, गोल शिक्का. मराठी चांगलं उतरलंय. रघूने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि कामावर गेला. सुटलो एकदाचा.

१९ ऑगस्ट, शनिवार

सुटलो नाही. रघूला विचारलं, बांध बुजला का? "नाय." का? "कागदात लिवलाय, पाटीला हात लावायचा नाय. भोक पाटीच्या पायाशीच हाय."

मग पाटी काढा आणि पुन्हा लावा, मी म्हणालो. तो म्हणाला, "मी कंत्राटी हाय साहेब. पाटीला हात लावून घरी बसू?"

रात्री जेवताना मृणालीला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, काय हे लोक, स्वतःच्या शेतात पाणी शिरतंय आणि कागद वाचत बसलेत. ती म्हणाली, "तुम्ही स्वतः जाऊन का नाही बघत?" मी म्हणालो, माझं काम समन्वयाचं आहे. तिने आमटी वाढली आणि विषय सोडला. मला राग आला, पण कशाचा ते कळलं नाही.

२० ऑगस्ट, रविवार

गेलो. गडबला उतरून पाऊण तास चालत. एक छत्री मोडली, एक चप्पल चिखलात राहिली.

सगळा बांध नव्या मातीने गच्च लिंपलेला, प्रत्येक वाटा आपापल्या हाताचा, कुणाचा पेंढा घालून, कुणाचा झुडपं दाबून. फक्त तीस हात तसेच. मधोमध पाटी चकचकीत. तिच्या एका पायाशी मूठ जाईल एवढं भोक.

जनीबाई तिथेच खाचराच्या कडेला बसल्या होत्या. रोज येऊन बसतात म्हणे. मी म्हणालो, "तुम्ही दोन घमेली माती का नाही टाकत?"

"माझा वाटा नाय तो आता. मी मासली सोडली ना."

"मासळी?"

"वाट्याची मासली वो. ज्याचा वाटा त्याची मासली. तुमी वाटा घेतलाव, माझी मासली तुमाला गेली. आता मी हात लावला तर लोक काय बोलतील? दिला पन आनी ठेवला पन?"

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला कोरडी जागा नव्हती. ते जिताडे, ती कोळंबी, कँटीनचा रस्सा, साहेबांची कृतज्ञता, सगळं या बाईच्या ताटातलं होतं. मार्चपासून. मी दोन वेळा घेतलं होतं कोळंबीचं कालवण. मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, पण तोच आहे.

विचारलं, "मासळीशिवाय तुम्ही काय करता?"

"मिठागरावर जातंय. पावसात मिठागर बंद. भात आला का होल." मग मलाच धीर दिला. "कंपनी मोठी हाय. येल अमुशाच्या आधी."

येताना महिपतीदादा भेटले. त्यांना म्हणालो, गावाने न विचारता बुजवलं असतं तर कोण काय म्हणणार होतं? ते म्हणाले, "न मागता दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा म्हंजे त्याचा वाटा खायचा. यावरनं डोकी फुटलीत आमचे इथं. आनी तुमची तर पाटी हाय. पाटी लागलेल्या जागेत हात घातला का कशी केस होते, ते खाडीकडच्या मानसाला नका शिकवू."

२४ ऑगस्ट, गुरुवार

साहेबांपुढे सगळं मांडलं. मासळीचंसुद्धा. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग. म्हणजे त्यांनी आपल्याला गावाचा भाग मानलं. हे स्लाइडवर घाला."

मी दहा माणसं मागितली, एकाच दिवसासाठी. ते म्हणाले, शनिवारी पाहुणे आहेत, तुम्ही स्वागताला हवेत. आणि पुढच्या महिन्यात तुमची फाइल माझ्यासमोर येणार आहे, हे विसरू नका. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही काहीतरी बोलता आलं असतं.

मार्चात आलेल्या सव्वीस जणांना एकेक करून विचारलं. कुणाला गणपतीची खरेदी, कुणाला ओव्हरटाइम. प्रयोगशाळेतला विशाल म्हणाला, "सर, टोपी देणार असाल तर येतो," आणि सगळे हसले. मीही हसलो. नंतर जिन्यावर एकटाच उभा राहिलो.

मला कळत नाही की मी कुणाचा माणूस आहे. नाव माझंच सांगितलं होतं ना?

२६ ऑगस्ट, शनिवार

तळहात सोलवटलेत, अक्षर वाईट येतंय. तरी आजच लिहितो.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या बसला निघालो आणि रामवाडीच्या थांब्यावर उभा राहिलो. बस आली, चढलो नाही. मागून आलेल्या एसटीने गडबला उतरलो. एका दुकानदाराकडून फावडं आणि घमेलं मागून घेतलं. त्याने शर्टाकडे बघितलं आणि जास्त विचारलं नाही.

साडेदहाला बांधावर पोचलो. घरटी माणसं आपापल्या वाट्यावर उभी, कारण भरती साडेबाराची. मला बघून सगळे बघायला लागले, जागचं कुणी हललं नाही. रघूही आपल्या वाट्यावर होता. जनीबाई खाचरात, गुडघाभर भातात उभ्या.

मी कामाला लागलो. आधी भोक बुजवावं की पाटी काढावी? मला वाटलं, पाटीच सगळ्या भांडणाचं मूळ आहे. एक पाय हलवून हलवून उपटला, तर सिमेंटच्या गोळ्यासकट निघाला आणि खाली आडाएवढा खड्डा पडला. आत बघतो तर चहूकडून खेकड्यांची बिळं. मी माती टाकायचो, ती पातळ होऊन खाली जायची. खाली उतरायचो, फावड्याने चिखल कापायचो, घमेलं डोक्यावर घेऊन चढायचो, अर्ध्यात घसरायचो. असं तासभर केलं. दोन वेळा पडलो. पलीकडे पाणी चढत होतं. मला सगळ्यांचा राग आला. माणसं बांधावर रांगेने उभी आहेत, एक माणूस मरतोय, आणि कुणी येत नाही. पाऊण तासानंतर तर मी मुद्दामच त्यांच्याकडे बघायचं सोडलं. म्हटलं, दाखवतोच करून.

पावणेबाराला खड्ड्याच्या तळातून पाणी फुटलं. आधी मनगटाएवढं, मग मांडीएवढं. जनीबाईंच्या खालच्या खाचरात गढूळ धार पसरायला लागली. त्या ओरडल्या नाहीत. मागे सरकत वरच्या खाचराच्या आडव्या बांधापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

महिपतीदादा माझ्या वाट्याच्या कडेपर्यंत आले. एक पाऊलही आत टाकलं नाही. "कंपनी कवा येते?"

"कंपनी येत नाही."

"मग तुमी कोनचे?"

मला प्रश्नच कळला नाही. आधी म्हणालो, मी सटाण्याचा. मग म्हणालो, पेणला रामवाडीला घर आहे. भाड्याचं.

"भाड्याचा आसंल. घर हाय ना? मग वाटा त्या घराचा का कंपनीचा?"

पाणी घोट्याला लागत होतं. मी म्हणालो, "माझ्या घराचा." आणि मग जे तासभर तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "दादा, माझ्याच्याने होत नाही. हात द्या."

ते वळले आणि त्यांनी फक्त हात वर केला. त्या क्षणी दोन्ही बाजूंनी माणसं पळत सुटली. बाया, म्हातारे, रघू. कुणी पेंढा आणला, कुणी भरलेली पोती, कुणी अख्खं झुडूप. खाडीच्या पाण्यात पाच जण छातीभर उतरले, वरून गोळे हातोहात चालले. माझी जागा रांगेत कुठे ते एका बाईने खांद्याला धरून दाखवलं. "हितं ऱ्हा, भाऊ." वीस मिनिटांत धार तुटली. साडेबाराची भरती काठोकाठ येऊन थांबली आणि गेली.

वीस मिनिटं. आणि मी एकट्याने तास घालवला होता. वरचं खाचर वाचलं. खालचं गेलं. पोटरीतलं भात खाऱ्या पाण्यात उभं आहे, हिरवंगार दिसतंय, पण रघू म्हणतो, चार दिवसांत करपेल.

मी महिपतीदादांना म्हणालो, "मागायचं असतं हे मला कुणी सांगितलं का नाही?" मी रडत होतो, हे लिहायला हरकत नाही.

ते चिडले नाहीत. "रघू आला, मी आला, जनी आली. गेटवर उभे ऱ्हायलाव. आमी मागतच व्हताव ना, साहेब. मागतात कसा, ते आनी कसा दाखवायचा?"

२८ ऑगस्ट, सोमवार

कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोटिसांचा मसुदा मीच बनवतो, त्यामुळे भाषा ओळखीची होती. साहेब मात्र वाटलं तेवढे रागावले नाहीत. पाहुण्यांना स्लाइड आवडली म्हणे. त्यांना लागलं ते पाटीचं. "कंपनीची मालमत्ता उपटलीत तुम्ही."

तोडगाही त्यांनीच काढला. माझी बदली गुजरातच्या कारखान्यात, पंधरा सप्टेंबरपासून. तिकडे रुजू झालो की कायम. शिक्षा की बक्षीस, काही कळेना. घरी आलो तर मृणाली उद्याच्या गणपतीची आरास करत होती. तिला सांगितलं. ती म्हणाली, "कायम म्हणजे कायमच ना?" मी हो म्हणालो. ती कात्री शोधायला लागली.

१ सप्टेंबर, शुक्रवार

रघूकडून गावाची रीत कळली. ज्याच्या वाट्यातून पाणी गेलं, त्या घराने बुडालेल्या घराला भात पुरवायचं, जमीन गोडी होईपर्यंत. आणि दर उधाणाला वाट्यावर हजर राहायचं. वाटा सोडला तर दोन्ही सुटतं. रघूने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाऊस पडतो, तसं सांगितलं.

मोठ्या साहेबांना विचारायच्या फंदात पडलो नाही.

९ सप्टेंबर, शनिवार

पौर्णिमा. मृणालीला घेऊन काळेखारला गेलो. पिशवीत नारळ होता, वाटा सोडायला. मी तिला सांगितलं होतं, दोन शब्द बोलायचे, नारळ फोडायचा, संध्याकाळच्या आत परत. गुजरातला जाणारा माणूस पेणचा बांध राखणार कसा? हे कुणालाही पटेल. गावाला पटलंही. महिपतीदादा म्हणाले, "बदली हाय तर काय करनार? बोला नि मोकले व्हा."

माणसं जमली. खालचं खाचर करपून पिवळं पडलं होतं. जनीबाई आल्या त्या घमेलं घेऊनच आल्या. मी विचारलं, हे कशाला?

"तुमी सोडलाव का लगेच माझा झाला ना. भरती हाय आज. येवढा वाटा खचलाय, तो भरायला होवा." आणि मृणालीकडे बघून, "उन्हात कनाला आनलीव तिला? बस गो बाय, सावलीला."

रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हिशोब सोडूनच दिला होता. मार्चात त्या जिथे होत्या, तिथे परत जाऊन उभ्या राहिल्या, फक्त आता एक खाचर कमी. मी 'सोडला' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. सगळे थांबले होते. मला भरती दिसत होती, बदलीचा कागद आठवत होता, आणि डोक्यात नुसता गुंता. मृणालीने माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला, आणि जनीबाईंच्या हातातलं घमेलं घेतलं. म्हणाली, "मी देते, तुम्ही टाका."

नारळ न फोडता परत आलो. वाटेत तिला विचारलं, तू असं का केलंस? ती म्हणाली, मला काय माहीत, तुम्ही नुसते उभे होतात म्हणून.

आता समोर बदलीचा फॉर्म आहे. नकार असल्यास एका ओळीत कारण लिहायचं. नकार दिला तर कायम होणार नाही, कदाचित नोकरीही जाईल. हे शहाणपण आहे असं मला वाटत नाही. मूर्खपणा आहे असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आधी लिहिलं, 'सामाजिक बांधिलकी'. खोडलं. 'काळेखार येथील बांधाची जबाबदारी' लिहिलं, तेही खोडलं, कारण साहेब म्हणतील तो बांध कंपनीचा आहे. दुसरा फॉर्म घेतला.

कामगार रजेच्या अर्जावर जे दोन शब्द लिहितात आणि मी ते मोघम म्हणून परत पाठवत आलो, तेच शेवटी लिहिले. नकाराचे कारण: घरचे काम. मुदत: तीन पावसाळे.